जुना पिकअप घ्यायचाय (ठाणे / नवी मुंबई) : चासी, कागद, खर्च यावर बोला

कुंडीवाली
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे माझी छोटी रोपवाटिका आहे. रोपं, कुंड्या, लाल मातीच्या गोण्या, कोकोपीट असा माल. सोसायट्यांची बाल्कनी-गच्चीची कामं वाढलीत आणि दर वेळी भाड्याचा टेम्पो बोलवायचा म्हणजे त्याच्या सवडीने आपण तयार बसायचं. शनिवारी सकाळी तर मिळतच नाही. मधूनमधून उरुळी कांचनहून रोपं भरून आणायची असतात, तेव्हा टेम्पोवाला दोन्ही बाजूंचं भाडं लावतो.

नवी गाडी आत्ता झेपणार नाही आणि कर्ज काढायचं नाही हे घरात ठरलंय. गाडी, दुरुस्ती, कागदपत्रं सगळं धरून साडेतीन लाखांत बसवायचंय. चालवणार धाकटा भाऊ, कधी मी.

तीन गाड्या नजरेत आहेत. वागळे इस्टेटमध्ये एक टाटा एस, २०११ची, मालक सव्वा लाख म्हणतो. कोपरखैरण्याला बोलेरो पिकअप, २०१३, एमएच-४३, दोन साठ. आणि शीळफाट्याजवळ टाटा २०७, २०१०, एमएच-०५, एक नव्वद. या शेवटच्या गाडीचं ‘नुकतंच फुल इंजिन केलंय, रंगही नवा’ असं दलाल पुन्हापुन्हा सांगतोय. इंजिनातलं मला फार कळत नाही, पण हात काळे करायची तयारी आहे. काय बघू?

पाना_बारातेरा
ताई, तुर्भ्यात गॅरेज आहे माझं, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

इंजिनाचा विचार सगळ्यात शेवटी करा. जुन्या पिकअपचं इंजिन गेलं तर हाफ इंजिन (अर्धवट उघडून दुरुस्ती) होतं, फुल इंजिन (पूर्ण उघडून) होतं, कुर्ल्याहून दुसरं आणून बसवता येतं. पैसे जातात, पण गाडी उभी राहते. चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, वाकली, तडकली किंवा कुजली तर ती गाडी कायमची गेली. आणि कागद अडकले तर चांगली गाडीही दारात भंगार होते. म्हणून आधी खाली झोपा, मग कागद बघा, आणि बॉनेट सगळ्यात शेवटी उघडा. गिऱ्हाईक नेमकं उलटं करतं आणि दलालाला ते माहीत असतं. म्हणूनच तो इंजिनाचं गाणं गातोय.

एक जुनी चादर, चांगला टॉर्च, छोटी हातोडी आणि बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचे) हँगर जिथे चासीला जोडलेले असतात तिथे पहिली नजर. ओव्हरलोड गाडी तिथेच तडकते. केसासारखी रेघ दिसली, वेल्डिंगचा जाड थर दिसला, वर पट्टी मारलेली दिसली की उठा, चहा प्या, घरी जा. मग आडवे मेंबर, मग केबिनच्या मागची जागा. हातोडीने हलकेच टकटक करत जा. धड लोखंड खणखणतं, कुजलेलं भदभद वाजतं. शंका आली तिथे स्क्रूड्रायव्हर रेटा. मालक ओरडला तर ओरडू दे.

चासीला ताजा काळा रंग असेल तर मी तरी दुप्पट वेळ बघतो. विकायच्या गाडीची खालची बाजू कोणी प्रेमाने रंगवत नाही.

पाटे मोजा. कंपनीने दिलेत त्यापेक्षा एखाद-दुसरा पाटा जास्त टाकला असेल तर गाडीने काय ओढलंय ते कळलं. पाटे सपाट, उलटे वाकलेले असतील तरी तेच. सपाट जागी उभी करून मागून बघा, हौदा (मागची माल भरायची जागा) एका अंगाला झुकलाय का. चासी वाकली असेल तर गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी चालते. मागून बाइकवर भावाला येऊ द्या, त्याला लगेच दिसेल.

निवांत
एवढं करण्यापेक्षा भाड्याचा टेम्पो बरा. आपली गाडी म्हणजे रोजचं दुखणं. ड्रायव्हर, विमा, पार्किंग, पोलीस. हिशोब करून बघा.

कुंडीवाली
निवांत, हिशोब केलाय. गेल्या सीझनचं टेम्पोचं बिल पाहूनच हा धागा काढला :) पण खरी अडचण पैशांपेक्षा वेळेची आहे. उन्हात दोन तास टेम्पोची वाट बघत पडलेली फर्नची रोपं गिऱ्हाईक घेत नाही.

पाना दादा, खूप आभार. रविवारी भावाला घेऊन चादर-टॉर्चसकट निघते.

खाडीपलीकडे
पाना_बारातेरा यांना +१. त्यात माझी भर : गाडीने आजवर काय वाहिलंय ते शोधून काढा. किलोमीटरचा आकडा काहीही असू दे, मीटर मागे नेता येतो.

आपल्याकडे सगळ्यात वाईट गाडी मासळीची. भाऊच्या धक्क्याहून, ससून डॉकहून माल आणणाऱ्या पिकअपमध्ये बर्फ वितळून खारं पाणी सतत हौद्यातून खाली गळतं. ते चासीवर, ब्रेकच्या पाइपांवर, वायरिंगच्या जोडांवर पडतं. वरून दोन हात रंग मारला की कळत नाही. नाक वापरा. फालका (हौद्याची मागची झडप) उघडून कोपऱ्यात वास घ्या, सीटमागे घ्या. फिनेल मारलेलं असेल तर आणखी संशय घ्या.

विटा-रेती-सिमेंटची गाडी दुसऱ्या नंबरची वाईट. ती गंजत नाही, मोडते. एपीएमसीत भाजी वाहणारी मधली : हौदा सतत ओला, पण वजन त्या मानाने बरं. सगळ्यात छान म्हणजे कुरिअर-पार्सलची नाहीतर गाद्या-फर्निचरची गाडी. हौदा भरतो पण वजन होत नाही. तिचा क्लच मात्र शहरातल्या ट्रॅफिकने गेलेला असतो, तो धरूनच चालायचं.

मालक खोटं बोलतो, हौदा बोलत नाही. तळाला आडवे ओरखडे आणि खड्डे असतील तर विटा-लोखंड. कडांना पांढरट मिठासारखं किंवा आतून पोपडे सुटलेले असतील तर मासळी. बाजूच्या पत्र्याला आतून सारखी घासलेली चकाकी असेल तर खोके.

डिझेलभाऊ
तिन्हींमधली तुलना कोणी केलीच नाही म्हणून मी करतो.

एस २००५ साली आली तेव्हा तिचं कौतुक होतं ते गल्लीबोळात शिरण्याचं. दोन सिलिंडर, सातशे सीसी, १६ हॉर्सपॉवर. ठाण्यातल्या ठाण्यात कुंड्या पोचवायला तिच्यासारखी दुसरी नाही आणि तिचं काम कुठल्याही नाक्यावर होतं. पण मातीची गोणी ओली झाली की किती जड होते ते ताईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत. ती घेऊन बोरघाट चढायचा म्हणजे मागच्या ट्रकवाल्यांच्या शिव्या खात चढायचा. २०७ला तीन लिटरचं इंजिन, ताकद भरपूर, डिझेलही भरपूर. बोलेरो पिकअप मधली, अडीच लिटर. तुमच्या २०१३च्या गाडीला कॉमन रेल (कंट्रोल युनिटवर चालणारा डिझेल पुरवठा) असेल. त्यात जुन्या साध्या पंपाच्या गाडीसारखं नाक्यावरच्या मिस्त्रीने पाना लावून भागत नाही, इंजेक्टर टेस्टिंगला बेंचवर न्यावे लागतात. डिझेल फिल्टर वेळेवर बदललाय का, तळाचं पाणी सोडलंय का, तेवढं विचारा. पाण्याने इंजेक्टर मरतात.

बघायला जाल तेव्हा आधी फोन करून बजावा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. गरम लागलं तर त्यांनी काहीतरी लपवलंय, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड गाडी सुरू व्हायला किती सेल्फ (स्टार्टर) घेते बघा. धूर निळा आणि टिकून राहणारा असेल तर ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय, हे स्वस्तातलं दुखणं. पांढरा धूर थंडीत क्षणभर ठीक, पण गरम झाल्यावरही सुटत राहिला तर हेड गॅस्केटची शंका धरा. ऑइल टाकायचं झाकण चालू इंजिनावर उघडा. नुसतं उलटं टेकवून ठेवलं आणि ते थडथड उडायला लागलं किंवा भकाभका धूर आला, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. त्याच झाकणाच्या आत दुधाळ चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी.

आणि रिकामी गाडी चालवून काही कळत नाही. तुमच्याकडे मातीच्या गोण्या आहेतच. भरा आणि गायमुखच्या घाटात चढवा. डिफरन्शिअल रडतंय का, प्रॉपेलर शाफ्टची सेंटर बेअरिंग खडखडते का, टेम्परेचरचा काटा कुठवर जातो, सगळं तिथे कळेल.

वागळेचा_मन्या
गायमुखला चढवायला आधी गाडी गायमुखपर्यंत पोचली पाहिजे. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये कूलिंगची टेस्ट त्याआधीच होते :D

जुना_एजंट
मी आरटीओच्या कामात बरीच वर्षं काढली, आता बंद केलं. कागदांचं मी सांगतो, कारण इथे चासीवर सगळे बोलतात आणि कागदावर आलं की ‘एजंट बघून घेईल’ म्हणतात.

मूळ आरसी हातात घ्या. तिच्यावरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर आपल्या डोळ्यांनी जुळवा. नंबर खोडलेला, पुन्हा ठोकलेला, गंजून वाचता न येणारा असेल तर सौदा नाही. ट्रान्सफरला चासीची पेन्सिल प्रिंट लागते, तिथेच अडकाल. नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून फिटनेस, विमा, पीयूसी, कर कधीपर्यंत आहे ते बघा. ई-चलन वेगळं तपासा. मालवाहू गाडीच्या नावावर थकलेली चलनं निघाली की मालकाला ‘माहीतच नव्हतं’ असतं. ती त्याने भरायची, सौद्याआधी.

आरसीवर फायनान्सरचा बोजा (कर्जाची नोंद) असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि नमुना ३५. विक्रीचे नमुने २९ आणि ३०. गाडी वाशीची आणि तुम्ही ठाण्याच्या, म्हणजे आरटीओ बदलतं, तर नमुना २८ची एनओसी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर तोच राहतो, एमएच-४३ म्हणून नाक मुरडू नका.

विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही चौदा दिवसांत नावावर करायला टाकायचा. हे दोघांच्याही हिताचं आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की गाडी पुढे दोन-तीन हातांत गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. तुमचा मालक ‘कोऱ्या नमुन्यांवर सही करून देतो, सावकाश करा’ म्हणाला तर त्याला हा निकाल सांगा, तोच घाईवर येईल. आणि बघताना आरसीवर विकणाऱ्याचंच नाव आहे ना? मधे दोन दलाल असतील तर मूळ मालक समोर बसल्याशिवाय पैसे सुटे करू नका.

दोन खर्च लोक धरत नाहीत. एक विमा. २०२२च्या दरपत्रकात ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी १६,०४९ रुपये आहे, वर जीएसटी. दुसरा, आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर आणि दर वर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी). आठ वर्षांच्या आत ते दोन वर्षांनी असतं. पंधरा वर्षं ओलांडली की फिटनेसची फी केंद्राने एप्रिल २०२२पासून बरीच वाढवून ठेवलीय. २०१०ची गाडी घेताना हा विचार करा. २०१३ला थोडी सवड आहे. एप्रिल २०१९च्या आधीची गाडी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावलीय का, तेही बघून घ्या.

कुंडीवाली
बाप रे. प्रिंट काढून फाइलला लावते. दोन शंका : भावाकडे साधं कारचं लायसन्स आहे, चालेल? आणि परमिट लागतं का?

जुना_एजंट
एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालतं. ७५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला वेगळा शेरा लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालय २०१७मध्ये म्हणालं होतं. विमा कंपन्या ते मानायला तयार नव्हत्या, मग पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ला तेच कायम केलं. परमिटचं : एकूण वजन, म्हणजे आरसीवरचं जीव्हीडब्ल्यू, ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट नको. त्याच्या वर असेल तर लागतं. आरसी वाचा, दलालाला विचारू नका.

डिझेलभाऊ
एजंट काका, एक बोलू? एवढं सगळं तपासत बसलं तर गाडी दुसरा घेऊन जातो. चांगली जुनी पिकअप ठाण्यात आठवडाभर उभी राहत नाही. टोकन देऊन ठेवावं, मग तपासावं.

जुना_एजंट
टोकन दिलेला माणूस तपासत नाही, मनाची समजूत घालतो. द्यायचंच तर पाच-दहा हजार, आणि कागदावर लिहून घ्या की चासी नंबर जुळला नाही किंवा बोजा निघाला तर परत.

पाना_बारातेरा
काकांशी सहमत. आणि गेली तर गेली. पिकअप काय, दर पावसाळ्याआधी शंभरजण विकतात. ज्यांना पासिंगचा खर्च नको असतो ते सगळे.

कुंडीवाली
रविवारचा वृत्तांत.

एस : मालक सज्जन, गाडी कष्टाळू, चासी ठीक. पण आमच्या मातीच्या गोण्या भरल्यावर गायमुखला दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. घाटाचं काम आहे म्हणून सोडली.

२०७ : दलालाने इंजिन सुरू करून ठेवलेलंच होतं. खरंच गोड चालत होतं. भाऊ हरखला. मी चादर टाकून खाली गेले. चासीवर चकचकीत काळा रंग, आणि डाव्या मागच्या हँगरपाशी रंगाखाली एक उंचवटा. हातोडी मारली तर पुट्टीचा तुकडाच पडला. लोखंडाची तडक पुट्टीने भरली होती! दलाल म्हणाला, ‘सगळे असंच करतात.’ आम्ही चहासुद्धा न घेता निघालो.

बोलेरो : मालक कोपरखैरण्याचे, स्वतःच्या नावावरची गाडी, पार्सलच्या कामाला होती. हौद्याला आतून ती चकाकी आहे. चासी सरळ, पाटे मूळचेच. आता वाईट : हौद्याचा तळ पुढच्या दोन कोपऱ्यांत कुजून आरपार, केबिनच्या पायाखालचा पत्रा ड्रायव्हरच्या बाजूला गेलाय, क्लच सुटताना थरथरतो, टायर गोटा (झिजून गुळगुळीत). थंड गाडी जरा जास्त सेल्फ घेते, पण ऑइलचं झाकण उडालं नाही आणि आत दुधाळ काही नाही. घाटात काटा मध्यावर थांबला. आरसीवर बोजा नाही. चलनं निघाली, ती भरतो म्हणालेत. दोन साठ सांगतात.

पाना_बारातेरा
घ्या. कुजलेला हौदा आणि फ्लोअर ही भाव पाडायची जागा आहे, घाबरायची नाही. सेल्फ जास्त घेते म्हणजे बॅटरी, ग्लो प्लग नाहीतर एखादा इंजेक्टर. दोन दहाच्या वर जाऊ नका. टायर, क्लच, पत्रा तिघांची किंमत त्यांच्यासमोर कागदावर मांडा. आकडे बघितले की माणूस खाली येतो.

खाडीपलीकडे
चासी पार्सलच्या गाडीची, वा! ताई, कोपरखैरणे खाडीच्या बाजूला आहे, गाडी उघड्यावर उभी असणार. ब्रेकचे लोखंडी पाइप मागे ॲक्सलपर्यंत बोट फिरवून बघाच. बाहेरून फक्त खडबडीत दिसतात आणि दाब आला की फुटतात.

कुंडीवाली
दोन दहाला मिळाली. नमुने भरून झाले, चलनं त्यांनी भरली. गाडी आता आमच्या नर्सरीत उभी आहे आणि भावाला आधी रंग ठरवायचाय. कामाचा क्रम सांगा.

पाना_बारातेरा
रंग सगळ्यात शेवटी! भावाला सांगा, रंग मारला की खालचं काम राहून जातं.

आधी थांबणं, मग चालणं. चारही चाकांचे ब्रेक उघडा. व्हील सिलिंडर गळत असतील तर बदला, किट घालून वेळ काढू नका. खाडीवाल्यांनी सांगितलेले पाइप, हौज, नवं ऑइल. मागच्या ॲक्सलला वजनाप्रमाणे ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असतो, तो गंजून अडकलेला असतो आणि कोणी बघत नाही. पाटे जास्तीचे टाकले की त्याचं गणितही बिघडतं, म्हणून मूळचेच राहू द्या.

मग पत्रा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं काढायची. कॉमन रेल गाडी आहे, कंट्रोल युनिट आणि अल्टरनेटर उडवायचा नसेल तर. डिझेलची टाकी आणि पाइप जवळ असतील तर उतरवा, पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी. कुजलेला पत्रा धड पत्रा लागेपर्यंत कापायचा. वर पट्टी चिकटवून देणारा कारागीर स्वस्त पडतो, दोन पावसाळ्यांनी परत बोलावतो. चासीवर वरवरचा गंज आहे तिथे ग्राइंडरला वायर कप लावून चमक येईपर्यंत घासा, खड्ड्यांत गंज राहिला तर फॉस्फोरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर, ते वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर, मग चासी ब्लॅक. डांबरी अंडरकोटिंग गंजावर मारलं तर गंज आत सुखाने वाढतो. बंद चौकोनी भागांची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा आणि आत तेल किंवा व्हॅक्स फवारा. ठाण्यात गंज बाहेरून कमी आणि आतून जास्त लागतो.

क्लच उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा कोण देणार?

डिझेलभाऊ
टायर रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) घ्या, निम्म्यात होतात.

पाना_बारातेरा
मागे लोकल कामाला एखाद वेळी चालेल, पुढे अजिबात नाही. ताई एक्सप्रेसवेने जाणार आहेत. नवे घेतानाही बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. दुकानात ‘नवे’ म्हणून चार वर्षं पडलेले टायर देतात.

कुंडीवाली
हौद्याच्या तळाचं विचारायचं होतं. फॅब्रिकेटर म्हणतो, ‘तीन एमएमची चेकर प्लेट टाकू, आयुष्यभर बघायला नको.’

खाडीपलीकडे
वजन काढलं का? तीन एमएमची लोखंडी चेकर प्लेट चौरस मीटरला पंचवीस किलोच्या आसपास. तुमच्या हौद्याला शंभर किलो सहज. तेवढ्या मातीच्या गोण्या कमी. शिवाय ओव्हरलोडला २०१९च्या दुरुस्तीनंतर २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. ॲल्युमिनियम हलकं, पण ते लोखंडावर थेट बसवलं आणि मधे ओल राहिली की दोघांच्या सांध्यात ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. मधे रबर लागतं, स्क्रूलाही. प्लायवूड टाकलं तर रोपांचं पाणी त्याखाली महिनोन्महिने बसतं. कुजलेले कोपरे मूळच्याच जाडीच्या पत्र्याने बदला आणि वर काढता येणारी रबरी मॅट टाका. कुंड्याही कमी फुटतील. आठवड्यातून एकदा मॅट उचलून धुवा.

जुना_एजंट
आणि फळ्या वाढवून हौदा उंच करायचा विचार असेल तर आधी विचारा. बॉडीत आरसीशी न जुळणारा बदल केला तर कलम ५२खाली परवानगी लागते. पासिंगला इन्स्पेक्टर पहिलं तेच बघतो.

वागळेचा_मन्या
अवांतर : पिवळ्या नंबरप्लेटची गाडी सोसायटीत लावू देतात का? आमच्या सेक्रेटरीने एसला गेटबाहेर काढलंय. म्हणे ‘लूक’ बिघडतो. त्यांची स्वतःची गाडी तीन वर्षं कव्हरखाली सडतेय ते चालतं.

निवांत
मन्या, उपविधी वाच, पार्किंग वाटपाचं काय लिहिलंय ते बघ आणि लेखी अर्ज दे. तोंडी वादात सेक्रेटरी कायम जिंकतो.

कुंडीवाली
आमची नर्सरीतच असते, त्यामुळे सुटलो. आता खर्च लिहिते, कोणाला उपयोग होईल.

गाडी दोन दहा. हौद्याचे कोपरे, केबिनचा पत्रा आणि चासीचं सगळं काम बत्तीस हजार. यात घासणं मी आणि भावाने केलं, नाहीतर जास्त गेले असते. चार नवे टायर सव्वीस. ब्रेक अकरा : मागचा एक पाइप बोटाने दाबल्यावरच गळला, खाडीपलीकडे तुमचे आभार. क्लच दहा. बॅटरी सहा. इंजेक्टर बेंचवर नेले, दोन दुरुस्त करावे लागले, नऊ हजार. आता अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते. रेडिएटर साफ, हौज आणि वॉटर पंप आठ. लाइट-वायरिंग-रिफ्लेक्टर टेप पाच. विमा, ट्रान्सफर, कर, पासिंग मिळून तीसच्या आसपास. रंग मात्र पूर्ण नाही केला, फक्त केबिन आणि हौदा बाहेरून, दहा हजारात. भाऊ नाराज आहे. बजेट थोडं ओलांडलं, पण रंगावर हात आखडला म्हणून थोडंच.

पासिंगला एकदा परत पाठवलं. हँडब्रेक धरत नव्हता आणि दारावर मालकाचं नाव, वजनं लिहिलेली नव्हती. पेंटर तिथेच बाहेर बसलेला असतो, त्याने लिहून दिलं. हँडब्रेकची केबल बदलली, दुसऱ्या दिवशी झालं.

पाना_बारातेरा
झकास. पाचशे-हजार किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट परत आवळा. नव्या कामानंतर ते सैल होतात. पावसाळा संपला की खालून गोड्या पाण्याने धुवा.

डिझेलभाऊ
उरुळीची फेरी झाली का? घाटात काटा कुठे होता?

कुंडीवाली
झाली. भरलेली गाडी येताना होती, म्हणजे उतार. भावाला बजावलं होतं की ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर बसू नको. जाताना रिकामी, काटा मध्याच्या खालीच. शेवंती आणि झेंडूच्या ट्रे तीन थरांत आल्या, मधे बांबूच्या पट्ट्या टाकून.

वागळेचा_मन्या
ताई, गणपतीला मंडळाची मूर्ती आणायला मिळेल का गाडी? मूर्ती साडेचार फुटी, आम्ही पंधरा-वीसजण हौद्यात मावू, ढोल वेगळ्या टेम्पोत.

जुना_एजंट
मन्या, थांब. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर विम्यात येतो, तोही आरसीवर जेवढी बसायची जागा तेवढाच. हौद्यातल्या फुकट प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्येच आशा राणीच्या खटल्यात सांगितलंय. कोणी पडलं तर भरपाई या ताईंच्या डोक्यावर.

कुंडीवाली
मन्या, मूर्ती आणि तिच्याबरोबर केबिनमध्ये एक माणूस. बाकी मंडळींनी चालत यायचं. मूर्तीखाली गादी तुम्ही आणा, दोर माझ्याकडे आहेत. तारीख व्यनि (खासगी निरोप) कर, त्या आठवड्यात हाराच्या ऑर्डरी असतात, संध्याकाळी सातनंतरच गाडी मोकळी होईल.